दारूविना बॅचलरेट पार्टी : नऊ आठवड्यांच्या तयारीचा अनुभव

२० सप्टेंबरला, शनिवारी सकाळी, माझ्या बालमैत्रिणीचा फोन आला. तिचे लग्न ठरलेले होते आणि २२ नोव्हेंबर हा दिवस तिने मैत्रिणींसाठी मोकळा ठेवला होता. "पार्टी तूच ठरवायचीस. दारू नको, पण सगळ्या जणी सारख्या घड्याळाकडे बघतायत असंही नको," एवढेच तिने सांगितले. मी आनंदाने हो म्हटले आणि फोन ठेवल्यावर मात्र मनावर दडपण आले, कारण बारा जणींचा दिवसभराचा कार्यक्रम मी यापूर्वी कधीच आखलेला नव्हता. त्यानंतरचे नऊ आठवडे कसे गेले, काय फसले, कशाला किती वेळ लागला, हे क्रमाने लिहून ठेवते आहे. हीच जबाबदारी कुणावर आली, तर निदान सुरुवात कुठून करायची हे तिला ठाऊक असेल.

पहिला आठवडा मी खेळांच्या याद्या वाचण्यात घालवला आणि तो जवळजवळ वाया गेला. बहुतेक याद्यांमध्ये दारूचेच खेळ होते, फक्त पेल्यात सरबत ओतलेले. असा एक खेळ मी घरी बहिणीबरोबर खेळून पाहिला तेव्हा अडचण लक्षात आली. त्या खेळांमध्ये घोट घेणे ही शिक्षा असते आणि सगळी गंमत त्या शिक्षेवर उभी असते. सरबताचा घोट ही शिक्षा होत नाही, त्यामुळे हरण्या-जिंकण्याला काही अर्थच उरत नाही. मग मी उलट बाजूने विचार सुरू केला. अशा पार्टीत दारू नेमके कोणते काम करते? अनोळखी माणसांमधला संकोच ती घालवते, हातांना काहीतरी चाळा देते आणि दोन कार्यक्रमांमधला रिकामा वेळ भरून काढते. ही तीन कामे दुसऱ्या कशाने तरी होणार असतील तरच दिवस जमेल, हे मला त्या दिवशी पटले आणि पुढचा प्रत्येक निर्णय मी या तीन कामांवर तपासून घेतला.

बारा जणींमध्ये जोड्या होतात ६६. कागदावर मांडून पाहिले तेव्हा त्यांतल्या फक्त २३ जोड्या एकमेकींना आधीपासून ओळखत होत्या. शाळेतल्या, कॉलेजातल्या, ऑफिसातल्या आणि घरच्या अशा चार वेगवेगळ्या वर्तुळांतल्या या बायका होत्या, त्यांत नवरीची अठ्ठावन्न वर्षांची मावशीही होती. म्हणजे सगळ्यांत मोठे काम संकोच घालवण्याचेच होते.

२५ सप्टेंबरला मी नवरी आणि मी सोडून उरलेल्या दहा जणींना एक छोटी ऑनलाइन प्रश्नावली पाठवली. उत्तरे फक्त मलाच दिसतील, असे वरच्या ओळीत स्पष्ट लिहिले होते. काय खात-पीत नाही, जिने चढण्याचा किंवा फार वेळ उभे राहण्याचा त्रास आहे का, फोटो काढलेले आणि इतरांना पाठवलेले चालतील का, कोणता विषय निघाला तर अवघड वाटेल आणि जास्तीत जास्त किती खर्च झेपेल, असे पाचच प्रश्न होते. ४ ऑक्टोबरपर्यंत आठ उत्तरे आली, उरलेल्या दोघींना मी फोन केला. हा फोन टाळू नये, कारण न लिहिलेल्या गोष्टी तिथेच कळतात. एकीला सहावा महिना सुरू होता, एकीचा गुडघा दुखत होता, एकीला मोठ्या आवाजाने डोके दुखण्याचा त्रास होता. फोनवर बोललेल्या दोघींपैकी एकीने, जरा थांबत थांबत, सांगितले की तिने दारू सोडून चौदा महिने झाले आहेत आणि दारूसारखी दिसणारी किंवा तसा वास असणारी पेयेही समोर नसतील तर तिला बरे वाटेल. हे मी तिची परवानगी घेऊन लिहिते आहे.

तिच्या त्या फोनमुळे मी पेयांची यादी नव्याने केली. तोवर 'नॉन-अल्कोहोलिक' लिहिलेली बिअर आणि वाइन आणण्याचा माझा विचार होता. मात्र अनेक देशांत ०.५ टक्क्यांपर्यंत अल्कोहोल असलेल्या पेयावरही असे लिहिण्याची मुभा असते, हे मला तेव्हा वाचून कळले. कोंबुचासारख्या आंबवलेल्या पेयात आंबण्याच्या क्रियेतच थोडे अल्कोहोल तयार होते आणि मॉकटेलच्या, म्हणजे दारूविना मिश्र पेयांच्या, कित्येक कृतींमध्ये ज्या बिटर्सचे, म्हणजे कडवट अर्काचे, चार थेंब टाकायला सांगतात, त्या बिटर्स मुळात मद्यार्कातच केलेल्या असतात. ज्या पार्टीत गरोदर बाई आहे, औषधे चालू असलेली कुणी आहे किंवा दारू सोडलेली कुणी आहे, तिथे बाटलीवरची घटकांची यादी वाचूनच खरेदी करावी. आम्ही शेवटी ताज्या फळांचे रस, आले-लिंबू, पुदिना आणि साधा सोडा एवढेच ठेवले आणि ज्याचे त्याने आपले पेय मिसळून घ्यायचे असे ठरवले. पेले साधे, सरळ उभ्या काचेचे घेतले. दारू का नाही याचे कारण मात्र निमंत्रणात लिहिले नाही. "दिवस नवरीच्या इच्छेप्रमाणे दारूविना असेल," हे एक वाक्य पुरेसे होते आणि त्यामुळे कुणाकडेही बोट दाखवले गेले नाही.

जागेच्या बाबतीत मी चूक केली. ४ ऑक्टोबरला एक ठिकाण पाहून मी तिथल्या तिथे आगाऊ रक्कम भरली. ९ तारखेला अटींचा कागद हाती आला, तेव्हा त्यात लिहिले होते की गटाने बारमध्ये किमान ठरावीक खर्च केलाच पाहिजे आणि न वापरलेली रक्कम परत मिळणार नाही. दारू घेणार नसल्याचे मी तोंडी सांगितले होते, पण तोंडी सांगितलेल्याचा काही पुरावा नसतो. बुकिंग रद्द केले, तर पैसे परत यायला २८ ऑक्टोबर उजाडला आणि तेही चौथा हिस्सा कापून आले. तो हिस्सा मी सगळ्यांच्या हिशेबात धरला नाही, कारण लेखी अटी न मागता पैसे भरले होते ते मी.

दुसरी जागा निवडताना आधी ईमेलवर प्रश्न विचारले आणि त्यांची उत्तरेही ईमेलवरच घेतली. पेयांवर किमान खर्चाची अट आहे का, बाहेरून आणलेले साहित्य चालेल का, मेणबत्ती किंवा शेगडी चालेल का, आवाजाची वेळ काय, अंगणातला नळ वापरता येईल का, प्रोजेक्टरबरोबर केबल आणि स्पीकर मिळतो का, अनामत रक्कम किती दिवसांत परत मिळते, आणि कार्यक्रम रद्द झाला तर कोणत्या तारखेपर्यंत पूर्ण पैसे मिळतात. ही जागा म्हणजे एक मोठी खोली आणि तिला लागून उघडे अंगण होते. १६ ऑक्टोबरला बुकिंग पक्के झाले. रद्द करण्याची मुदत २१ दिवस आधीची, म्हणजे १ नोव्हेंबरची होती, म्हणून सगळ्यांकडून शेवटचा होकार मी ३० ऑक्टोबरलाच मागून घेतला.

खर्चाबद्दल थोडे सविस्तर लिहिते, कारण मैत्रीत कटुता येते ती बहुधा इथेच. सरासरी न काढता, प्रश्नावलीत आलेला सगळ्यांत कमी आकडा मी माणशी मर्यादा म्हणून धरला. तो आकडा कुणाचा हे कुणालाच कळले नाही आणि कुणाला उसने घ्यावे लागले नाही. नवरीचा वाटा आम्ही अकरा जणींनी उचलला. एकूण खर्चाचे शंभर भाग धरले, तर जागेला ३८, खाण्यापिण्याला ३४, खेळांच्या आणि हस्तकलेच्या साहित्याला १३, प्रवास आणि प्रोजेक्टरला ६ आणि अडीअडचणीला ९ भाग ठेवले होते. हिशेबाचा तक्ता पहिल्या दिवसापासून सगळ्यांना उघडा होता.

वेळ ठरवताना मी सकाळी अकरा ते संध्याकाळी सहा अशी ठरवली. रात्रीचा कार्यक्रम केला असता, तर मनात सतत नेहमीच्या पार्टीशी तुलना होत राहिली असती आणि दहानंतर सगळ्यांना पेंगही आली असती. दिवसा मात्र ऊन मिळते, आणि त्या उन्हावरच मी दिवसाचा मुख्य भाग उभा केला.

आधी एस्केप रूमचा विचार होता. बंद खोलीत कोडी सोडवून ठरावीक वेळात बाहेर पडण्याचा हा खेळ २००७ मध्ये जपानमधल्या क्योटोत ताकाओ कातो यांनी सुरू केला आणि तिथून तो जगभर गेला. पण बारा जणींना दोन खोल्यांत विभागावे लागले असते, बंद जागा आणि मोठा आवाज दोघींना सोसला नसता आणि नवरी निम्म्या जणींपासून तासभर दूर राहिली असती. म्हणून मी कोड्यांची पेटी घरीच तयार केली. लाकडी पेटीला आकड्यांचे कुलूप लावले. तीन आकड्यांच्या कुलुपात १,००० शक्यता असतात, एकेक आकडा फिरवून पाहायला दोन सेकंद धरले तर कुणीही चिकाटीची बाई ३३ मिनिटांत ते नुसत्या प्रयत्नाने उघडेल. म्हणून चार आकडे घेतले, त्यांच्या शक्यता १०,००० होतात.

चार आकड्यांसाठी नवरीच्या आयुष्यातली चार वर्तुळे वापरली. शाळेच्या सहलीत बस चुकली तेव्हा किती मुली मागे राहिल्या होत्या, पहिल्या नोकरीत तिची जागा कितव्या मजल्यावर होती, अशी ती कोडी होती, आणि प्रत्येक कोडे मुद्दाम ज्यांना उत्तर माहीत नाही अशाच गटाला दिले. ऑफिसातल्या मैत्रिणींना शाळेचे कोडे, मावशींच्या गटाला ऑफिसचे. उत्तर हवे असेल तर अनोळखी बाईकडे जाऊन विचारावेच लागेल, आणि विचारले की ती आकडा न सांगता आधी पूर्ण गोष्ट सांगणार, एवढाच त्यामागचा हिशेब होता.

पेटीत काय ठेवायचे हे ठरवायला मला आठवडा लागला. शेवटी सायनोटाइपचे कापड ठेवले. लोहाचे दोन क्षार लावलेले कापड उन्हात ठेवून, वर पान किंवा लेस ठेवून निळी छायाचित्रे उमटवण्याची ही पद्धत इंग्रज शास्त्रज्ञ जॉन हर्शेल यांनी १८४२ मध्ये शोधली आणि पुढच्याच वर्षापासून वनस्पतिशास्त्रज्ञ ॲना ॲटकिन्स यांनी तिच्यात समुद्रशेवाळांचे ठसे घेतले. मातीची भांडी करण्याचा पर्याय मी सोडून दिला, कारण वाळवणे, भाजणे, चकाकी देणे यांत काही आठवडे जातात आणि त्या दिवशी हातात काहीच येत नाही. सायनोटाइप तासाभरात पूर्ण होतो आणि त्याला चित्रकला यावी लागत नाही, ही गोष्ट "मला काही येत नाही" म्हणणाऱ्यांसाठी फार मोलाची आहे.

८ नोव्हेंबरला दोन मैत्रिणींना घरी बोलावून सगळ्याची रंगीत तालीम घेतली. पंचवीस मिनिटांत सुटेल असे वाटलेले कोडे ५२ मिनिटे चालले, कारण तिसऱ्या कोड्याची भाषा दोन अर्थांची होती. कापडाचे तुकडे ५, १०, १५ आणि २० मिनिटे उन्हात ठेवून पाहिले, दुपारी दोनच्या उन्हात १५ मिनिटांचा ठसा सर्वांत नितळ आला. तालीम कार्यक्रमाच्याच वेळी घ्यावी, कारण सकाळचे आणि दुपारचे ऊन सारखे नसते. कापडाला द्रावण लावण्याचे काम मी एकटीने हातमोजे घालून, मंद पिवळ्या दिव्याखाली, १९ तारखेच्या रात्री केले आणि वाळलेले तुकडे काळ्या जाड पाकिटात बंद केले. गरोदर मैत्रिणीला घटकांची नावे आधीच पाठवली होती. तिने डॉक्टरांना विचारले आणि आपण फक्त पाने मांडू, कापडाला हात लावणार नाही, असे ठरवले.

नवऱ्या मुलाच्या प्रश्नोत्तरांचा व्हिडिओ हे दुसरे लांबलेले काम होते. जोडप्याला एकमेकांबद्दल प्रश्न विचारण्याचा हा प्रकार अमेरिकी दूरचित्रवाणीवर १९६६ पासून लोकप्रिय झालेला आहे, पण त्यात ओशाळवाणे प्रश्न शिरायला वेळ लागत नाही. मी नवरीला प्रश्न दाखवले नाहीत, फक्त विषयांची यादी दाखवली आणि नको ते खोडायला सांगितले. तिने पूर्वीची नाती आणि शरीर हे दोन विषय खोडले. नवऱ्या मुलाकडून उत्तरे यायला बारा दिवस लागले आणि पहिल्या व्हिडिओत वाऱ्याचाच आवाज जास्त होता, म्हणून ते काम पुन्हा करावे लागले. वीस प्रश्नांपैकी नऊ ठेवले, तेवढे पुरले.

२२ तारखेला सगळ्या जणी साडेअकरापर्यंत पोचल्या. दारातच प्रत्येकीला दोन पिवळी कार्डे दिली. कोणत्याही खेळात कार्ड वर केले की त्या फेरीतून सुट्टी, कारण विचारायचे नाही. ही सूचना मी सगळ्यांसमोर एकदाच, सरळ शब्दांत वाचून दाखवली. पहिला खेळ दोन खऱ्या आणि एक खोट्या गोष्टीचा होता आणि तो जमला नाही. एकमेकींना न ओळखणाऱ्या बायकांना आपल्याबद्दल लगेच काहीतरी चमकदार सांगावे लागते, त्याचे ओझे चेहऱ्यांवर दिसत होते. तीन कार्डे वर आली तेव्हा मी खेळ तिथेच थांबवला आणि पेटी पुढे आणली. आज पुन्हा ठरवायचे झाले तर स्वतःबद्दल बोलायला लावणारा खेळ मी सकाळी ठेवणार नाही, दुपारनंतर ठेवीन.

पेटीने मात्र काम केले. पाच मिनिटांत खोलीतल्या खुर्च्या मोकळ्या झाल्या होत्या. शाळेतली एक मैत्रीण मावशींच्या शेजारी जाऊन बसली आणि म्हणाली, "मावशी, तुम्हाला सांगते, त्या दिवशी आम्ही चौघी मागे राहिलो होतो आणि घरी कुणी काही बोललंच नाही." मावशी म्हणाल्या, "अगं, बोललो नाही कारण आम्हाला आज कळतंय." कुलूप ३८ मिनिटांनी उघडले.

जेवणानंतर नऊ प्रश्नांचा व्हिडिओ झाला. त्यानंतर वीस मिनिटांची शांतता आली आणि माझ्या पोटात गोळा आला. हातात राखीव खेळाचे पत्ते होते, तरी मी ते काढले नाहीत. कोपऱ्यातल्या टेबलावर ५०० तुकड्यांचे जिगसॉ कोडे सकाळपासून मांडून ठेवले होते. आवाजाचा त्रास असलेली मैत्रीण तिथे जाऊन बसली, मग दुसरी गेली, आणि बोलणे हळूहळू आपोआप सुरू झाले. असे एक टेबल जरूर ठेवावे, जिथे कुणी बोलावत नाही आणि कुणी अडवतही नाही.

दोन वाजून दहा मिनिटांनी कापडे अंगणात मांडली आणि नेमके तेव्हाच ढग आले. १५ मिनिटांचे ३५ झाले. ओल्या गवतावर कापडे, त्यांवर पाने आणि वर काचा ठेवून, त्यांच्याभोवती बारा जणी बसून राहिलो. काच उचलली तर पाने हलतात, म्हणून कुणाला उठताही येईना. त्या वेळात, चौदा महिन्यांपूर्वी दारू सोडलेल्या माझ्या मैत्रिणीने, कुणीही न विचारता, नवरीने तिला एका वाईट रात्री दोन तास फोनवर कसे धरून ठेवले होते ते सांगितले. तिने दोन्ही पिवळी कार्डे मांडीवर ठेवली होती आणि बोलताना ती एकावर एक नीट जुळवत होती. नवरी काही बोलली नाही, तिने फक्त तिच्या काचेवर सरकलेले पान जागेवर आणून ठेवले.

मग कापडे नळाखाली धरली. आधी पिवळट-हिरवे पाणी वाहते, ते संपेपर्यंत धुवायचे, आणि पांढऱ्या पानाभोवती निळा रंग उमटत जातो. शेवटच्या पाण्यात ३ टक्क्यांचे हायड्रोजन पेरॉक्साइड चमचाभर टाकले की तोच रंग क्षणात गडद होतो. बाराही जणी बादलीवर वाकल्या होत्या. घरी धुताना या कापडाला धुण्याचा सोडा किंवा तीव्र साबण लावू नये, निळा रंग विरतो, हे प्रत्येकीला चिठ्ठीवर लिहून दिले होते.

सहा वाजता जागेचे काका किल्ली मागायला आले तेव्हा दोरीवर बारा कापडे ओलीच होती. "मॅडम, वाळू द्या, मी अर्ध्या तासाने येतो," असे म्हणून ते परत गेले. दोरीखालचे आवरून होईपर्यंत पावणेसात वाजले.

अडीअडचणीच्या ९ भागांपैकी ५ खर्च झाले, उरलेले ४ मी २७ नोव्हेंबरला अकरा जणींना परत पाठवले. अनामत रक्कम २ डिसेंबरला आली, आणि तीही आठवण करून देणारा एक ईमेल लिहिल्यावर. कापडे प्रत्येकीने घरी नेली होती, पण मावशींनी ती पुन्हा गोळा केली आहेत. त्या बाराही तुकड्यांची एक गोधडी शिवत आहेत आणि काल रात्री त्यांचा निरोप आला की सात जोडून झाले, आठव्याच्या कडेला निळा दोरा हवा आहे.